नारळ, चप्पल आणि चेनकुप्पी

एका जागी बसून लिहायचं म्हणजे माझ्यासारख्याला शिक्षाच. हे पहिलं वाक्य कागदावर उतरायच्या आधी मी दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायलो, एकदा गॅलरीत जाऊन उगाचच खाली बघून आलो. दोन्ही वेळा मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आतून विचारलं, "काय झालं?" काही झालं नव्हतं. पण हल्ली आमच्या घरात मी उठलो की कुणीतरी "काय झालं?" असं विचारतंच.

मला फिट येतात. आता 'यायच्या' म्हणायला हरकत नाही, असं डॉक्टरबाई सांगतात. पण मी अजून तसं म्हणत नाही, उगाच नाट लागायला नको. हे लिहितोय ते फिट येणाऱ्या माणसांसाठी, आणि त्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणाऱ्या घरच्यांसाठी. औषधांबद्दल मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. मी फक्त माझी तगमग सांगतो.

आधी माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मिलमधली मशीनं दुरुस्तीला येतात. पंप, गिअरबॉक्स, कॉम्प्रेसर, दहा जणांनी मिळून ढकललं तरी हलणार नाहीत अशी धुडं. ती टेम्पोतून उतरवायची, स्टँडवर बसवायची, काम झालं की परत चढवायची. वर लोखंडी गर्डर, गर्डरवरून सरकणारी चेनकुप्पी, म्हणजे साखळीनं ओढायची कप्पी, कुप्पीच्या हुकात पट्टे आणि पट्ट्यांत मशीन. एक माणूस बाजूला उभा राहून चेन ओढतो आणि दुसरा समोरून हातानं खुणा करतो. बोटं वर हलली की वर, हात पालथा झाला की खाली, मूठ मिटली की आहे तिथंच थांब. चेन ओढणाऱ्यानं त्या एका हाताचंच ऐकायचं, शेठ ओरडला तरी त्याचं नाही. ओझं आधी चार बोटं उचलायचं आणि थांबायचं. पट्टा नीट बसलाय का, तोल कुठं जातोय, ते बघायचं आणि मगच पुढं. लटकत्या ओझ्याखाली कुणी जायचं नाही, नट पडला तर तो पडू द्यायचा.

खुणा करणारा हात माझा होता. वर्कशॉपमध्ये सगळ्यात मानाची जागा तीच, आणि ती मला वर्षानुवर्षं चेन ओढून मिळाली होती. आजार कळला त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत राहिला: त्या जागेवर मी परत उभा राहणार की नाही? बाकी लोक मला तब्येतीचं विचारायचे आणि मी मनातल्या मनात या प्रश्नाचं उत्तर शोधत असायचो.

पहिली वेळ

आम्ही अमळनेरकडचे. आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशातली, त्यामुळे श्रावणात इथं कानबाई बसते. नथ आणि दागिने घातलेला नारळ चौरंगावर मांडायचा, रात्रभर गाणी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर विसर्जन करायचं. त्या सकाळी मिरवणुकीच्या पुढं मी नाचत होतो. रात्रभराचं जागरण, पोटात चहाशिवाय काही नाही, वरून ऊन. ढोलाचा आवाज एकाएकी लांब गेल्यासारखा झाला, एवढंच मला आठवतं. पुढचं सगळं ऐकीव.

मी ताठ झालो, डोळे फिरले, खाली पडलो आणि हातपाय झाडायला लागलो. दुसरीकडे कुठं लोकांनी रिक्षा बोलावली असती. आमच्याकडे बायांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. माझी आई पदर पसरून पुढं झाली आणि ओरडली, "कानबाई उनी रे! मना सुकदेवना आंगमा कानबाई उनी! वाजाडा रे, वाजाडा!" ढोलवाल्यानंही इमानेइतबारे आणखी जोरात वाजवलं.

शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावली गेली होती, तोंडात रक्ताची चव होती, पॅन्ट ओली होती आणि समोर बाया हात जोडून बसल्या होत्या. आई विचारत होती, "बोल माय, काय चुकनं आमनं?" मला शब्द सापडत नव्हता. शेजारच्या एका काकूंनी तेवढ्यात लेकीचं लग्न कधी जमेल तेही विचारून घेतलं. माझी मान हलली असावी, कारण पुढं त्या मुलीचं लग्न ठरल्यावर मला पेढे आले.

आज हसू येतं, पण त्या लोकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कानबाईच्या दिवशी, कानबाईच्या पुढं, एक माणूस थरथरत पडला, तर आमची माणसं दुसरं काय समजणार? माझ्या ओटीत नारळ पडला. आठवडाभर गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा मला वाकून नमस्कार करत होती आणि खरं सांगतो, मला ते आवडतही होतं. एकटी मंगल गप्प होती. मोरीत माझी पॅन्ट धुताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवी आंगमा येस तव्हय कपडा ओला व्हत नही." मी तिच्यावर डाफरलो. देवीच्या बाबतीत असं बोलतात का, म्हणालो.

दुसरी वेळ

दुसऱ्या वेळी मात्र देवीला मध्ये घ्यायला जागाच नव्हती. वर्कशॉपमध्ये भर दुपारी एक मोठा गिअरबॉक्स उतरवायचा होता. चेनवर भगवान होता. भगवान जालन्याकडचा, माझ्यापेक्षा बराच लहान, आणि माझ्या हाताची खूण त्याच्याइतकी कुणालाच कळत नाही. आम्ही चार बोटं उचललं, थांबलो, पट्टे पाहिले. मी 'वर' ची खूण केली. नंतर मी जमिनीवर होतो आणि नाकाशी चामड्याचा वास होता.

भगवाननं पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली होती. कानबाईचा सगळा मान एका दुपारीत उतरला.

नंतर त्यानं सांगितलं ते असं: "तुमचा हात वर राह्यला, भाऊ, अन् बोटं हालंनात. हा हात वर म्हणतोय का थांब म्हणतोय, कळंना. मग म्या चेन सोडली." त्यानं केलं ते बरोबरच केलं. खूण कळली नाही तर थांबायचं, हे मीच त्याला शिकवलेलं. चेन सोडली तरी कुप्पी ओझं धरून ठेवते, त्यामुळे गिअरबॉक्स हवेत जागच्या जागी लटकत राहिला आणि मी त्याच्यापासून लांब, बाजूला पडलो. मी आखून दिलेल्या नियमांनी मलाच वाचवलं. याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा हात सगळ्यांसमोर हवेत मुका झाला होता.

चप्पल, कांदा, हातात लोखंडाच्या किल्ल्या, यातलं काही लागत नाही, एवढं इथं सांगून टाकतो. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही घालू नका आणि आवरेपर्यंत शेजारी थांबा. आवरलंच नाही तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा. हे मला भगवाननं नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलं. भगवानला मग मी सांगितलं.

ज्या दिवशी नाव कळलं

सरकारी हॉस्पिटलात मंगल आणि माझी मुलगी कोमल सोबत होत्या. कोमल कॉलेजात शिकते. तिची मराठी अर्धी गुजराती आणि उरलेली हिंदी आहे. डोक्याचा फोटो काढून झाला होता, वायरी लावून कसलीतरी नक्षीही काढून झाली होती. डॉक्टरबाईंनी फोटो उजेडासमोर धरला, त्यातला एक ठिपका दाखवला आणि म्हणाल्या, "आने लीधे खेंच आवे छे." याच्यामुळे खेंच येते, खेंच म्हणजे आपली फिट. ठिपका एवढासा, ज्वारीच्या दाण्याएवढा. एवढ्याशा वस्तूनं मला आडवं केलं याचा मला आधी अपमानच वाटला.

मग त्यांनी विचारलं, "काम शुं करो छो?"

मी सांगितलं. पट्टे, चेन, खुणा, सगळं उत्साहानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकेक करून दारं लावावीत तशा गोष्टी बंद केल्या. गाडी चालवायची नाही. शिडी चढायची नाही. नदीत, विहिरीत उतरायचं नाही. शेगडीजवळ एकटं थांबायचं नाही. बाथरूमची कडी लावायची नाही. आणि भारी वजनाच्या जवळ उभं राहायचं नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"गोळ्या वेळेवर घ्या, मग बघू," असं त्या गुजरातीत म्हणाल्या. कोमल मला मराठीत सांगायला लागली, तशी मी तिच्यावर खेकसलो, "माले समजस! सुरतमा जलम गया मना." पोरीचा चेहरा पडला. बिचारीला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं, एवढंच. बाहेर येऊन मंगलनं विचारलं, "हाई बरं व्हस ना?" मी म्हटलं, बाईंना विचार. तिनं विचारलं नाही. आम्ही तिघं रिक्षात बसलो आणि घरी आलो.

वॉर्डातली चुळबूळ

गोळ्या सुरू झाल्या आणि लगेच आणखी एक फिट आली, म्हणून मला भरती करून घेतलं. वॉर्डातला दिवस कसा जातो ते ज्यानं काढलाय त्यालाच माहीत. सकाळी झाडू, मग चहा, मग राउंड, मग काहीच नाही. मला काहीच नाही हे जमत नाही. मी खाटेवर बसून पाय हलवायचो, खाट कुरकुर करायची, शेजारचा पेशंट कण्हायचा. एकदा तर मी खाटेचे चारही नट हातानं चाचपून पाहिले. एक ढिला होता. तो घट्ट केला तेव्हा कुठं थोडं बरं वाटलं.

सगळ्यात छळ व्हायचा तो पेशंटला स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना. चार जण चादरीची चार टोकं धरायचे आणि चौघंही आपापला 'एक, दोन, तीन' म्हणायचे. नातेवाईक पाचवा आवाज लावायचे. मला राहवायचं नाही. एकदा मी खाटेवर उभा राहून हात वर केला आणि मूठ मिटली. थांबा! ते खरंच क्षणभर थांबले. मग त्यांतला एक वैतागून म्हणाला, "काका, तमे सूई जाओ ने!" सगळा वॉर्ड हसला. मी चादर डोक्यावरून ओढून झोपल्याचं सोंग घेतलं आणि चादरीच्या आत मला रडू आलं. लाज वाटायचं काही कारण नव्हतं, हे आज समजतं. त्या दिवशी मात्र वाटलं, आता माझा हात कुणी मानणार नाही.

त्या वॉर्डानं एक चांगलंही दिलं. समोरच्या खाटेवर एक म्हातारे शिंपीकाका होते. त्यांनाही फिट यायच्या, तरुणपणापासून. त्यांना मी विचारलं, तुम्ही मशीनवर कसे बसता? ते म्हणाले, "बायको पाय मारते, मी कापड सरकवतो. मी थांबलो की ती थांबते." एवढंच बोलले आणि कुशीवर वळले. मी मात्र पुढचे कितीतरी दिवस मनात तेच चघळत होतो.

घर

घरी आल्यावर लढाई वेगळीच होती. आईला गोळ्या मान्य नव्हत्या. तिच्या मते कानबाईच्या नैवेद्याचा रोट करताना काहीतरी राहून गेलं होतं, म्हणून देवी रुसली होती, आणि वरून गोळ्या घेणं म्हणजे देवीला दारातून हाकलणं. मंगल हातात गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी, आई दुसऱ्या बाजूला अंगाऱ्याची पुडी घेऊन उभी. दोघी माझ्याशी नाही, एकमेकींशीच बोलायच्या, तेही माझ्या डोक्यावरून. मी अंगारा लावायचो आणि गोळी गिळायचो. दोघींना अर्धंअर्धं जिंकल्यासारखं वाटायचं.

मंगलनं आईला उलटून कधी एक शब्द ऐकवला नाही, पण ती वाळत चालली होती. मी बाथरूममध्ये गेलो की ती बाहेरून "हो?" म्हणायची आणि मी आतून "हो" म्हणायचं. उशीर झाला तर पुन्हा "हो?" जेवताना मी घास उचलला की तिची नजर माझ्या हाताबरोबर ताटातून तोंडापर्यंत यायची. स्वतः ती कधी जेवायची देव जाणे. गोळ्यांनी मला सुस्ती यायची आणि आतून मात्र चैन नसायचं. मी घरभर फेऱ्या मारायचो. एके दिवशी भडकून ताट सरकवलं आणि ओरडलो, "मना तोंडकडे देखू नको! मी काय तमाशा शे का?" मंगल उठून आत गेली. आई पहिल्यांदाच सुनेच्या बाजूनं बोलली, "ती देखस म्हणून तू शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी आईनं दिली. म्हणाली, "कानबाईनीच डॉक्टरबाईले बुद्धी दिन्ही." एका वाक्यात तिनं देवी, डॉक्टर आणि सून तिघींचं भांडण मिटवलं. मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, आधी गोळी गीळ.

संध्याकाळी मी फिरायला निघायचो. भेस्तानच्या रस्त्यानं, जाईन तिकडं. मागून कोमल यायची, मैत्रिणीशी फोनवर बोलण्याचं नाटक करत. मी वळून विचारलं की मान वर न करता म्हणायची, "पप्पा, मारे पण चालवुं छे." मलाही चालायचंय, असं तिचं म्हणणं. तिला चालण्याचा कंटाळा, हे मला तिच्या लहानपणापासून ठाऊक. मग मी हळू चालायला लागलो, म्हणजे तिला धापा टाकाव्या लागू नयेत. बापलेक एवढं चालत गेलो, पण एकमेकांशी फार बोललो नाही. तरी माझा दिवसातला तोच वेळ बरा जायचा.

परत त्या जागी

बराच काळ एकही फिट आली नाही, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, कामावर जा. पण खाली, जमिनीवर, वजनापासून चार हात लांब. खुणा करणारा माणूस लांबच उभा असतो, असं मी त्यांना पटवलं. ते खोटं नव्हतं.

शेठनं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला. भगवान तर लहान पोरासारखा हसत होता. त्याच दिवशी एक कॉम्प्रेसर उचलायचा होता. मी माझ्या जागेवर उभा राहिलो, चेनवर भगवान. पट्टे घातले, चार बोटं उचललं, थांबलो, बघितलं, आणि बोटं वर हलवली.

निम्म्यात मला दिसलं, डाव्या बाजूचा पट्टा सरकतोय. मी मूठ मिटली. चेन थांबली नाही. मी मूठ वर केली, हलवली. चेन खडखडत राहिली, कॉम्प्रेसर वर चढत राहिला आणि एका बाजूला कलायला लागला. "थांब!" मी गळा फाडून ओरडलो. चेन थांबली तोवर पट्टा निसटला होता. कॉम्प्रेसरचं एक टोक धाडकन खाली आलं, लाकडी ठोकळ्याचा चुरा झाला आणि अख्खं धूड दुसऱ्या पट्ट्यावर झोके घ्यायला लागलं. खाली कुणी नव्हतं, म्हणून निभावलं.

सगळे भगवानवर तुटून पडले. तो हुंदके देत होता. मी त्याला बाजूला नेलं आणि विचारलं, "माझी मूठ दिसली नाही तुला?"

"नाही दिसली," तो म्हणाला. "म्या हाताकडं बघतच नव्हतो, भाऊ. तुमच्या तोंडाकडं बघत होतो. डोळे फिरतेत का, ओठ वाकडा होतो का... काय करावं, नजर तिकडंच जाती."

त्याला माझी काळजी होती, म्हणून आज एखाद्याचा जीव गेला असता. मंगलची नजर आठवली, कोमलची, आईची. घरात त्या नजरेनं माझं फक्त डोकं फिरायचं. इथं ओझं लटकत होतं. गोळ्यांनी माझी फिट थांबवली होती, पण भगवानची भीती कुठल्या गोळीनं जाणार? मी कितीही बरा झालो तरी त्या जागेवर उभं राहणारा मी आता सुरक्षित माणूस नव्हतो. उत्तर मिळालं होतं, आणि मला ते नको होतं.

चेन

शेठ समजूतदार. म्हणाला, "सुकदेवभाई, तमे ऑफिसमां बेसो." पंख्याखाली बसून आलं-गेलं बघायचं. मी दोन दिवस बसलो आणि खुर्चीला माझा आणि मला खुर्चीचा कंटाळा आला. मग त्यानं सुचवलं, विजेची कुप्पी घेऊ, तिला रिमोट असतो, लांब उभं राहून नुसतं बटण दाबायचं. त्यानं प्रेमानंच सुचवलं होतं. पण मी विचार केला. फिट आली की माझी मूठ आवळते, हे मंगलनं मला कितीदा सांगितलंय. बटणावरचं बोट बटण दाबूनच राहील. ओझं वर जात राहील आणि मी खाली तडफडत असेन.

चेन मात्र एकेका ओढीनंच चालते. ताठ झालेला माणूस चेन ओढूच शकत नाही. तो थांबला की ओझं थांबतं. चेनही लांब आहे, बाजूला उभं राहून ओढता येते. मला शिंपीकाकांचं बोलणं आठवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आख्ख्या वर्कशॉपमध्ये माझ्यासारख्यासाठी सगळ्यात सुरक्षित जागा चेनची होती. नवशिक्याची जागा. ज्या जागेवरून सुटायला मला तरुणपण घालवावं लागलं ती.

दोन दिवस मी स्वतःशी भांडलो. मंगलला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चेन ओढीसन हात दुखतीन." एवढंच. मान कमी होईल, असं ती म्हणाली नाही. डॉक्टरबाईंना पुन्हा जाऊन सगळं नीट समजावलं, हातवारे करून दाखवलं. त्यांनी बरंच उलटसुलट विचारलं आणि म्हणाल्या, लांबून ओढा, शेजारी माणूस हवा, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं की चेन सोडून खाली बसायचं.

मग मी भगवानला बोलावलं. "आजपासून हात तू दाखवायचा."

तो मागे सरला. "मला नाही जमायचं, भाऊ. ती तुमची जागा हाय."

"जागा ओझ्याची आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "माझ्याकडं बघायचं नाही. मी पडलो तर पडू दे, ओझं जागेवर राहील. मला उचलायला बाकीचे आहेत. तू ओझ्याकडं बघ."

त्या दिवशी एक जुना पंप आला होता, भलामोठा, गंजलेला. भगवाननं पट्टे घातले, मी तपासले. त्यानं हात वर केला. पहिल्या चार बोटांपर्यंत त्यानं माझ्याकडे तीनदा वळून पाहिलं. मी चेन सोडून उभा राहिलो. तो ओशाळला. पुन्हा हात वर केला.

मी ओढायला लागलो. चेन तळव्यात बोचत होती, खांदे भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. कपाळ पुसायला मी क्षणभर थांबलो. वाटलं, आता हा वळून बघणार. भगवान वळला नाही. त्याची नजर पट्ट्यावर होती. त्याचा हात आडवा हलला, म्हणजे बाजूला, तशी मी कुप्पी गर्डरवरून ओढत राहिलो. पंप सरकत सरकत स्टँडच्या वर आला. त्यानं मूठ मिटली, मी थांबलो. आता तो इंच इंच खाली घ्यायला सांगत होता आणि मी उलटी चेन ओढत होतो. पंप टेकला, पण एक कोपरा स्टँडबाहेर राहिला. भगवान गुडघ्यावर बसून वाकला, डोळे बारीक करून फट बघत राहिला. मी तिथं आहे, हेच तो विसरला होता.

मग मागे न बघताच त्याचा आवाज आला, चिडलेला, चढा, मी त्याच्यावर ओरडायचो अगदी तसा. "भाऊ, पहार आणा की! उभं काय राह्यलात?"

वर्ष उलटून गेलं होतं, मला कुणी घाई कर म्हटलं नव्हतं. बस म्हणायचे, हळू म्हणायचे, राहू दे म्हणायचे. पहार पार दुसऱ्या टोकाला भिंतीशी होती. मी पळत गेलो.